पूर्ण आवळा, मग केसभर मागे

आमच्या स्वयंपाकघरातला नळ बंद करण्याची एक पद्धत होती. आधी तो उजवीकडे पूर्ण आवळायचा आणि मग केसभर मागे घ्यायचा. केसभर म्हणजे केसभरच. जास्त मागे घेतला तर धार लागायची, आणि मागे घेतलाच नाही तर पाच-दहा मिनिटांनी टपटप सुरू व्हायची. कारण त्याच्या आतला वायसर दुकानातला नव्हता. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, तो जुन्या हवाई चपलेच्या तळव्यातून कात्रीने कापून बसवला होता. लग्न होऊन जळगावला आले त्या दिवशी माप ओलांडलं, नाव घेतलं, हात धुवायला आत गेले, आणि मागून आबांच्या तोंडून सासरचं पहिलं वाक्य कानावर आलं, "पुरा आवळ, मंग केसभर मांगे ले."

माझं माहेर पाचोऱ्याचं, आणि वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. आमच्याकडे नळ बिघडला की नळ बदलायचा, यापलीकडे या विषयावर कधी चर्चा झालेली नाही. किंबहुना वडील घरातला नळ बिघडायच्या आधीच बदलत. गिऱ्हाईक कधी घरी आलं आणि त्याने ठिबकणारा नळ पाहिला तर काय म्हणेल, ही त्यांना धास्ती. अशा घरातली मुलगी चपलेच्या नळाच्या घरात पडली. खरं तर लग्न ठरवायला आबा दुकानात आले होते तेव्हाच आम्हाला समजायला हवं होतं. वडिलांनी मोठ्या हौसेने त्यांना चकचकीत नळांचं काचेचं कपाट उघडून दाखवलं. आबांनी सगळं शांतपणे पाहिलं, आणि निघताना पायरीशी पडलेला सायकलच्या फाटक्या ट्यूबचा तुकडा उचलून खिशाशी नेत विचारलं, "हाई लई जाऊ का?" वडिलांना वाटलं, व्याही विनोदी आहेत.

आबा विनोदी नव्हते. मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले, नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात, दुरुस्ती विभागात. तिथे म्हणे एक नट बदलायचा तरी वरून मंजुरी यायची, नवा नट खोक्यातून यायचा आणि जुना भंगारात जायचा. आयुष्यभर असं नियमाने वागावं लागलं त्याचा सूड त्यांनी घरी उगवला असावा. निवृत्तीनंतर त्यांनी जळगावात कडुलिंबाचं झाड असलेला प्लॉट बघून घर बांधलं, आणि वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवसापासून ते घर दुरुस्त करायला घेतलं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे त्यांना अडवणारं कुणी उरलं नव्हतं. माझा नवरा अडवू शकला असता, पण तो पाइपच्या कारखान्यात हिशेब बघतो, आणि घरातल्या पाइपला बांधलेल्या चिंध्यांकडे बघायचं नाही हे त्याने दीपनगरच्या क्वार्टरमध्ये असतानाच, फार लहानपणी ठरवून टाकलं होतं.

आबांचं सामान एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात मावायचं. त्यात सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या, मेणबत्तीचे तुकडे, वापरलेल्या आगकाड्या, साबणाच्या वड्यांचे चपटे शेवट आणि एक टूथपेस्टची पिळून पिळून कागद झालेली नळी. दाराच्या बिजागरीचा स्क्रू ढिला झाला की त्या भोकात आगकाड्या कोंबून स्क्रू परत पिळायचा. ड्रॉवर अडकला की कडेला मेणबत्ती घासायची. खिळा काढलेल्या भोकात टूथपेस्ट भरायची. आमच्या बैठकीच्या भिंतीला जवळ गेलं की पुदिन्याचा वास येतो, पाहुण्यांना वाटतं चहात पुदिना घातलाय. फुटक्या बादलीला दुसऱ्या फुटक्या बादलीचा तुकडा तापलेल्या उलथण्याने चिकटवायचा. आणि जे बाकी कशानेच होत नाही, त्याला ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची. पाइप, पाना, झाडू, छत्रीचा दांडा, सगळ्यांवर एकच इलाज.

काम झालं की आबा एक पाऊल मागे सरायचे, मान तिरकी करून त्या वस्तूकडे पाहायचे आणि म्हणायचे, "चाली जाई."

झालं, नीट झालं, पक्कं झालं, असं ते कधीही म्हणाले नाहीत. चाली जाई. म्हणजे भागेल, निभेल, चालून जाईल. या दोन शब्दांनी माझं डोकं किती वेळा फिरलं ते मलाच ठाऊक. मी शाळेत शिकवते, मुलांनी अर्धवट सोडवलेलं गणित दाखवून "चालेल ना बाई?" विचारलं तर मी वही परत फेकते. आणि घरी येऊन बघावं तर अख्खं घर चालेल-ना-बाई. सुरुवातीला मी भांडून पाहिलं. "आबा, माझ्या वडिलांकडून नवा नळ आणते, फुकट," मी म्हणाले. ते खरोखर गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. "नळले काय व्हयनं?" ते म्हणाले, "चाली ऱ्हायना ना तो!"

त्यातला खरा त्रास असा होता, की दुरुस्त केलेली प्रत्येक वस्तू चालायची, पण तिच्या अटीवर. कूलरचा पंखा स्वतःहून फिरायचा नाही. त्याला जाळीतून बांबूच्या काडीने एक धक्का द्यावा लागायचा, आणि त्यासाठी ठेवलेली काडी दुसऱ्या कशाला वापरली तर आबा दिवसभर बोलायचे नाहीत. जळगावच्या वैशाखात कूलर बंद पडणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही, त्यामुळे त्या काडीला आमच्याकडे देवाच्या फोटोखालची जागा होती. बाथरूमचं दार फुगलेलं, ते उघडायला कडी थोडी वर उचलून उजव्या खांद्याने धडक द्यावी लागायची. हे सगळं घरातल्या माणसांच्या अंगात भिनलेलं होतं. माहेरी गेले की मी तिथल्या बाथरूमच्या दारालाही खांदा मारायचे. आई म्हणायची, "अगं, तुला दार दिसत नाही का?"

हे एवढं सगळं सांगायचं कारण, की गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबांना या घरातून धुळ्याला, देवपूरला लेकीकडे हलवायचं ठरलं होतं. ते इथे राहणार की जाणार हा प्रश्न डॉक्टर, मुलगा आणि मुलगी या सगळ्यांच्या हातून फिरून शेवटी एका चमच्यावर येऊन थांबला.

झालं असं. थंडी संपता संपता एका सकाळी आबांना अर्धांगाचा झटका आला. बिजागरीत आगकाड्या भरत होते, काडी हातातून पडली, आणि ती उचलायला वाकले ते तिथेच बसले. उजवा हात, उजवा पाय आणि अर्धी जीभ गेली. दवाखान्यात बरेच दिवस काढले. पाय हळूहळू परत आला, म्हणजे काठी धरून ओढत चालण्याइतका. बोलणं आलं, तुटक. हात मात्र आलाच नाही म्हणावा असा आला. बोटं अर्धवट मिटायची आणि तिथेच थांबायची.

ते दवाखान्यात असताना माझ्या नवऱ्याने वडिलांवरचं सगळं प्रेम एकदम दाखवायचं ठरवलं. आपला बाप या मोडक्या घरात परत येणार ही कल्पना त्याला सहन होईना. त्याने पाचोऱ्याला फोन केला. माझ्या वडिलांना हा फोन यायची इतकी वर्षं वाट होती, की ते दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून स्वतःच आले. नळ बदलला, कड्या बदलल्या, कूलर बदलला. सुताराने बाथरूमचं दार उतरवून रंधून घेतलं. ते आता बोटाने ढकललं तरी उघडायचं. जुनं सामान फेकायची माझी हिंमत झाली नाही, ते पोत्यात भरून माळ्यावर ठेवलं. घर इतकं नवं दिसायला लागलं की मला आपण कुणाकडे तरी पाहुणे आलोय असं वाटायचं.

आणि मग आमच्याकडून जी चूक झाली, ती दुसऱ्या कुठल्या घरात होणं शक्य नाही. नवा नळ पहिल्याच दिवशी ठिबकायला लागला. मी वडिलांना फोन करून चांगलंच सुनावलं. ते पाचोऱ्याहून परत आले, नळ उघडून बघितला, त्यात काही नव्हतं. मग म्हणाले, "बंद करून दाखव." मी उजवीकडे पूर्ण आवळला आणि केसभर मागे घेतला. नवऱ्याला सांगितलं, त्यानेही तेच केलं. वडिलांनी आमच्या दोघांच्या हातांकडे पाहिलं. मग फार समजुतीच्या आवाजात म्हणाले, "बाळा, नळ बंद केला की सोडून द्यायचा असतो."

नळाचं हसण्यावारी गेलं. दाराचं गेलं नाही. आबा घरी आले त्याच दिवशी काठी टेकत बाथरूमकडे गेले. आम्ही कौतुकाने मागे उभे. त्यांनी डाव्या हाताने कडी वर उचलली आणि नेहमीसारखी उजव्या खांद्याने धडक दिली. ज्या दाराने इतकी वर्षं त्यांचं वजन झेललं ते दार तिथे नव्हतंच. नवं दार सरळ भिंतीला जाऊन आपटलं आणि आबा त्याच्या पाठोपाठ आत, फरशीवर. हाड मोडलं नाही. पण उठवताना त्यांनी त्या दाराकडे असं बघितलं, की माझा नवरा बाहेर अंगणात निघून गेला आणि बराच वेळ आला नाही.

दुसऱ्या दिवशी देवपूरहून नणंद आली. ती आबांची एकुलती एक लेक, माझ्याहून मोठी, मनाने चांगली आणि आवाजाने मोठी. तिने पडल्याची जागा पाहिली, आबांच्या खांद्यावरचा काळानिळा डाग पाहिला आणि निकाल दिला, की त्यांना इथे ठेवण्यात अर्थ नाही. "आबाले मी देवपूरले लई जास. आठे त्यासनं काही खरं नही." तिचा फ्लॅट नवा, लिफ्ट आहे, बाथरूममध्ये धरायला दांडे आहेत. तिच्या बोलण्यात खोट काढायला जागाच नव्हती. आता आलीच आहे तर आखाजी माहेरी करून मगच घेऊन जाते, असं ठरलं. आखाजीला लेकीने माहेरी यायचं, झोका खेळायचा, रस-पोळी खायची, ही आमच्याकडची रीत. यंदा लेक बापालाच घेऊन निघणार होती. आबांना विचारलं तर ते "नही" म्हणाले. पण त्यांचं "नही" आता इतकं अस्पष्ट यायचं, की ज्याला जे ऐकायचं ते ऐकू यायचं.

मला वाटलं होतं, आबा जाणार म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. मला राग आला, आणि कुणाचा ते ठरवता येईना.

खरी अडचण जेवणाची होती. बोटात घास धरता येत नव्हता. चमचा दिला तर त्याचा चपटा दांडा अर्धवट मिटलेल्या मुठीतून निसटून मांडीवर पडायचा. डावा हात चांगला होता, पण डाव्या हाताने आबा जेवणार नाहीत हे आम्हाला विचारायचीही गरज नव्हती. त्यांच्या घरात डावा हात ताटाला लागला तर ताट बदलत. मग नणंदेने भरवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्यांनी दोन घास घेतले. दुसऱ्या दिवशी एक. नंतर ती घास पुढे करायची आणि ते ओठ मिटून भिंतीकडे बघत बसायचे. नणंद रडायची, रागवायची, "आबा, एक घास, मनासाठी," म्हणायची, म्हणजे माझ्यासाठी. आबा भिंतीतल्या टूथपेस्टच्या भोकाकडे बघत बसायचे. दूध तेवढं प्यायचे, पेला दोन्ही हातांत धरून. गालांची हाडं वर यायला लागली. डॉक्टर फोनवर म्हणाले, पोटात अन्न जायलाच हवं, नाहीतर नळी घालावी लागेल. नणंद म्हणाली, देवपूरला ओळखीचे डॉक्टर आहेत, तिथे घालू. म्हणजे आबा आता नुसते देवपूरला जाणार नव्हते, नाकात नळी घालून जाणार होते.

त्या दुपारी सगळे झोपले असताना मी एक काम केलं, आणि ते माझ्या वडिलांना मी अजून सांगितलेलं नाही. आबांच्या डब्यातून ट्यूबची पट्टी काढली आणि बाथरूमच्या दाराच्या चौकटीला आतून छोट्या खिळ्यांनी ठोकली. दार लावून पाहिलं. रबरात घट्ट बसलं. कडी उचलून खांदा दिला तेव्हा जुन्या दारासारखं कुरकुरत, हळू उघडलं. नवं कोरं, सुताराने पैसे घेऊन रंधलेलं दार मी फार मेहनतीने बिघडवून ठेवलं होतं. हार्डवेअरवाल्याच्या मुलीने याहून खाली जाता येत नाही.

संध्याकाळी आबा उठले, काठी टेकत गेले, दाराजवळ थांबले. ते आता त्या दाराला भ्यायचे. बोटाने हलकेच लोटलं. दार हललं नाही. त्यांनी पुन्हा एकदा लोटलं. मग कडी उचलून खांदा लावला, दार कुरकुरलं आणि उघडलं. आबा आत गेले नाहीत. चौकटीवर हात फिरवत राहिले, पट्टी सापडली, तिच्यावरून अंगठा फिरवला. मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी भाजी निवडत असल्याचं दाखवलं.

दारापर्यंत जमलं होतं. घासाचं कसं करायचं ते मात्र सुचत नव्हतं.

ते सुचलं ते उलथण्यामुळे. माझ्या स्वयंपाकघरात एक उलथणं आहे, त्याची लाकडी मूठ निघून आली होती, तेव्हा आबांनी उघड्या दांड्याला ट्यूब गुंडाळून दिली होती. इतकी, की मूठ गाजराएवढी जाड झाली. मी तेव्हा नाक मुरडलं होतं, सगळ्या बायकांची उलथणी कशी आणि माझं कसं. आखाजीच्या आदल्या दिवशी पोळ्या करून बघत होते, हाताला तूप लागलेलं, आणि बाकी सगळं हातातून निसटत असताना ते उलथणं निसटत नव्हतं. माझ्या हाताची मूठही त्याच्यावर पूर्ण मिटत नव्हती. तशी ती मिटावीच लागत नव्हती. मी गॅस बंद केला. तव्यावरची पोळी जळाली, ती नंतर मीच खाल्ली.

चमचा घेतला, ट्यूबची पट्टी घेतली, आणि गुंडाळायला बसले. पट्टी ताणून धरायची, दुसऱ्या हाताने फिरवायची, पहिला वेढा दुसऱ्याखाली दाबायचा, हे आबांना करताना मी हजारदा तुच्छतेने पाहिलं होतं. करायला गेले तर पट्टी सुटून नाकावर बसली. परत केलं. गाठ कुठे मारायची कळेना, दिसेल तिथे मारली. त्याच रबराची एक चकती कापून ताटाखाली घालायला ठेवली, म्हणजे ताट सरकणार नाही. तयार झालेली वस्तू दिसायला इतकी वाईट होती की मी ती फडक्याखाली झाकून ठेवली. हे मी कुणाला बोलले नाही. नाही जमलं तर निदान आशा लावल्यासारखं होणार नव्हतं.

आखाजीच्या सकाळी नवऱ्याने लिंबाला झोका बांधला. दर वर्षी आबा बांधायचे, फांदीला काचू नये म्हणून दोराखाली ट्यूब घालून. नवरा विसरला, आबांनी व्हरांड्यातल्या खुर्चीतून काठीने फांदीकडे दाखवलं, तेव्हा त्याने घातली. आत नणंद बॅग भरत होती. आबांची धोतरं, बंड्या, औषधं. बॅगेची चेन अर्ध्यात अडकली. तिने ओढली, शिवी दिली, आणि मग आबांचा डबा उघडून मेणबत्तीचा तुकडा काढला आणि चेनवर घासला. चेन सरकन लागली. शेवटी लेक त्यांचीच. मी ते बघितलं आणि मला एकदम रडू यायला लागलं, म्हणून मी आमरस ढवळायला गेले.

जेवायला बसलो. आबांना पाटावर बसता येत नव्हतं, खुर्चीपुढे स्टूल ठेवलं. नणंदेने पोळीचा तुकडा रसात बुडवून पुढे केला. आबांनी ओठ मिटले. मी आतून खिचडीची ताटली आणली, ताटलीखाली चकती सारली आणि काही न बोलता चमचा त्यांच्यासमोर ठेवला. नणंदेने विचारलं, "हाई काय शे?" मी म्हटलं, "चमचा."

आबांनी तो चमचा बराच वेळ पाहिला. मग डाव्या हाताने उचलला, फिरवून फिरवून पाहिला, मान तिरकी केली. दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी कुठलीही वस्तू अशी पाहिली नव्हती.

"कोनी बांधं?" त्यांनी विचारलं. तुटक, पण सगळ्यांना कळेल असं.

"मी."

"ढिलं शे."

आणि त्यांनी माझी गाठ दातांनी सोडली. इतक्या खटपटीने गुंडाळलेली पट्टी सरसर उलगडून स्टुलावर पडली. मग दांडा मोकळा ठेवून चमचा पुढच्या बाजूने उजव्या मुठीत अडकवला, तिथे तो फक्त धरायचा होता, तेवढं त्या मुठीला जमत होतं; पट्टीचं एक टोक दातात धरलं, आणि डाव्या हाताने ताण देत गुंडाळायला सुरुवात केली. घाई नाही. एक वेढा चुकला तो परत उलगडला. रस गरम व्हायला लागला, पोळ्या गार झाल्या. नणंद एकदा मदतीला हात पुढे करायला गेली, मी तिचा हात धरला. तिने माझ्याकडे रागाने पाहिलं, पण हात सोडवून घेतला नाही. माझा नवरा ताटाकडे मान घालून बसला होता, आणि त्याच्या ताटात पाणी पडत होतं.

शेवटचं टोक त्यांनी गाठ न मारता वेढ्याखाली सारलं. असं करायचं असतं तर. मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी खिचडीत चमचा घातला. हात थरथरत वर आला. अर्धी खिचडी बंडीवर पडली, अर्धी तोंडात गेली. ते चावत राहिले, पुष्कळ वेळ, समोर बघत. या वेळी भिंतीकडे नाही. आम्ही हातातले घास तसेच धरून होतो, हललो तर काहीतरी सांडेल असं वाटत होतं. दुसरा चमचा. तिसऱ्यात जरा जास्त तोंडात गेली. ताटली सरकली नाही. खिचडी संपली तेव्हा त्यांनी चमच्याने रसाच्या वाटीकडे दाखवलं.

नणंद उठून आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. थोड्या वेळाने चेन उघडल्याचा आवाज आला. मेण लावलेली चेन, अगदी सहज उघडली. ती धोतरं परत कपाटात लावत होती.

दुपारी ती आणि मी झोक्यावर बसलो.  ती म्हणाली, "दार तूच बिघडवलं ना?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "बरं केलं." मग आम्ही उंच झोका घेतला, आमच्या वयाला शोभणार नाही इतका.

संध्याकाळी देवपूरला जायला ती एकटी निघाली. आबा काठी टेकत फाटकापर्यंत आले. खरं म्हणजे कुणी आणलं नव्हतं, त्यांचे ते आले. बंडीवर जेवणातली खिचडी आणि रस वाळलेला होता, बदलू दिली नव्हती. नणंद वाकून पाया पडली, आणि सकाळपासून न विचारलेलं तिने विचारलं, "आबा, तुमले जमी ना आठे?"

 आबांनी काठी कंबरेला टेकवून ठेवली, डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाला धरून वर घेतला, उघडला तेवढा उघडला, मिटला तेवढा मिटला. मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं.

"चाली जाई," ते म्हणाले.

मी आत आले. भांडी घासायची होती, पण आधी नळ मोठा सोडून त्याच्या आवाजाखाली पोटभर रडून घेतलं. मग तोंड धुतलं आणि नळ बंद केला, उजवीकडे पूर्ण, आणि केसभर मागे. नवा नळ आहे, तो अर्थातच ठिबकायला लागला. मी त्याच्याखाली पातेलं ठेवलं.